एनिडच्या ओट्यावरचा रेडिओ

मी रेडिओ बोलतोय. एनिड ॲक्रॉइडच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचा, पावाच्या डब्याला टेकून बसलेला. मधूनमधून घरघर होईल, तेवढी सोसा. माझं वय झालंय आणि गेले काही महिने माझं डोकंही ठिकाणावर नाही. का नाही ते सांगतो, पण पहिल्यापासून सांगतो, म्हणजे माझा राग उगाचचा नाही हे तुम्हालाही पटेल.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. अंग लाकडी, वर उचलायला मूठ, पुढे जाळी, आणि काचेच्या पट्टीवर शहरांची नावं: हिल्व्हरसम, लक्झेंबर्ग, ॲथलोन. ती नावं अंगावर मिरवताना मला वाटायचं, आपल्या नशिबी मोठी फिरती आहे. फिरती कसली! मी ऑर्मडेलच्या बाजारातल्या दुकानात आलो, तिथून विल्फच्या काखेतून या घरी आलो, आणि तेव्हापासून ओट्यावरून हललो तो फक्त भिंतींना रंग देताना. विल्फ बस चालवायचा आणि त्याची बायको एनिड शाळेत पोरांची जेवणं करायची. दोघं पक्की यॉर्कशरची. वस्तू चालतेय तोवर बदलायची नाही हा त्यांचा धर्म, म्हणून मी टिकलो.

या देशात स्टेशनांची ददात नाही. एका स्टेशनवर बातम्या आणि चर्चा, बोलणारे सगळे नुकतेच इस्त्री होऊन आल्यासारखे. एकावर दिवसभर पोरांची गाणी, शेजारच्यावर त्याच पोरांच्या आईबापांची. एकावर नुसती व्हायोलिनं, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये एवढी शांतता की विल्फला वाटायचं मी बंद पडलो. तो मला थपडा मारायचा. चूक व्हायोलिनवाल्याची आणि मार मला.

ब्रॅडफर्डहून पंजाबी गाण्यांचं एक स्टेशन यायचं. त्यातली एक ओळ एनिड भांडी विसळताना गुणगुणायची. अर्थ तिला आजही ठाऊक नाही. हवा ओलसर असली की डोंगरापलीकडच्या लँकशरचं, म्हणजे यॉर्कशरच्या जुन्या वैऱ्यांचं, स्टेशन आगंतुकासारखं आत शिरायचं. मग विल्फ कप खाली ठेवून म्हणायचा, "एनिड, माझ्या स्वयंपाकघरातून त्या लँकशरवाल्याला आधी बाहेर काढ." आणि दिवसातून काही वेळा समुद्रावरच्या वाऱ्यांचा अंदाज सांगायचे. या घरात कुणी होडीत पाय ठेवलेला नाही, तरी तो अंदाज लागला की एनिडचा डाव पातेल्यात थांबायचा. "बिचारे," ती म्हणायची, "आज त्यांचं काही खरं नाही."

एवढ्या सगळ्यांत भांडण होणारच. विल्फला क्रिकेट हवं आणि एनिडला आपलं गावचं स्टेशन. शेवटी एनिडनं तिच्या स्टेशनवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि विल्फनं क्रिकेटच्या स्टेशनवर खिडकीच्या रंगातला पांढरा. या ठिपक्यांमध्ये अर्ध्या जगाची स्टेशनं पसरली होती, पण काटा तिथे थांबवायची कुणाची छाती नव्हती. मला विचारलंच नाही कुणी. कान माझे, पिळणारे हे.

ते गावचं स्टेशन म्हणजे रेडिओ ऑर्मडेल. फरशांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. खाली कुणी फरशी आपटली की बातम्यांत धाडकन आवाज यायचा. तिथे रोज सकाळी ग्लेनिस नावाची बाई बोलायची. मोठ्या स्टेशनांना पंतप्रधान काय म्हणाले ते ठाऊक असायचं. चौदा नंबरची बस आज चढावर येणार की खालूनच परत जाणार, ते फक्त ग्लेनिसला ठाऊक असायचं. बर्फ पडलं की ती बंद असलेल्या शाळांची नावं वाचायची आणि आख्ख्या दरीतली पोरं श्वास रोखून बसायची. कुणाचं कासव हरवलं, कुणाला सापडलं, कोण गेलं, दफन कधी, सगळं तिच्याकडे. खरं सांगतो, मला बाकीच्यांचं बोलताना शीण यायचा, तिचं बोलताना यायचा नाही.

आता क्लिफर्डचं सांगतो. क्लिफर्ड हा एनिडचा धाकटा भाऊ. दरीच्या पलीकडच्या उतारावर, शेवटून दुसऱ्या घरात एकटा राहतो आणि कबुतरं पाळतो. आमच्या खिडकीतून त्याचं धुराडं दिसतं. आणि या सख्ख्या बहीणभावांनी आई गेली त्या दिवसापासून एकमेकांशी शब्द बोललेला नाही.

कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. आमच्याकडे दफनानंतर लोकांना चहा आणि खाणं देतात, आणि त्यात हॅम, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, असायलाच हवा. पानात हॅम नसेल तर त्या माणसाला धड निरोपच मिळाला नाही असं समजतात. आईच्या वेळी खाण्याचं क्लिफर्डकडे होतं, आणि त्यानं माशाच्या पेस्टची सँडविचं ठेवली. प्रार्थनागृहाच्या हॉलमध्ये सगळ्या गावासमोर बरणीतली स्वस्त माशाची पेस्ट! एनिड घरी आली ती पांढरीफटक होऊन.

"त्यानं आईला मांजरीसारखं पोचवलं," ती विल्फला म्हणाली. "मी पुन्हा त्याचं तोंड बघणार नाही."

"अगं, त्याला विचार तरी, असं का केलंस."

"त्यानं आपणहून सांगावं. मी का विचारू?"

आणि तिकडे क्लिफर्डचं म्हणणं, तिनं विचारावं, मी का सांगू? झालं, वर्षांमागून वर्षं गेली. विल्फही गेला. त्या वेळी क्लिफर्ड चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला होता आणि चहाला न थांबता निघून गेला, असं शेजारच्या ब्रेंडानं नंतर सांगितलं. एनिड म्हणाली, "हो, पाहिलं मी," आणि कपाट पुसायला लागली.

पण दर गुरुवारी ग्लेनिसच्या कार्यक्रमात लोकांचे फोन घ्यायचे, आणि क्लिफर्डचा फोन ठरलेला. कचऱ्याच्या डब्यांविरुद्ध, नगरपालिकेविरुद्ध, कबुतरांच्या बाजूनं. त्याचा आवाज लागला की एनिडच्या हातातला ओला कप हातातच राहायचा. बोलणं संपलं की ती म्हणायची, "आहे अजून जिवंत, खवचट कुठला." आणि तो दिवस तिचा बरा जायचा. एखाद्या गुरुवारी तो खोकला तर पुढच्या गुरुवारपर्यंत तिचं कशात लक्ष नसायचं.

मग एकदा क्लिफर्डनं यॉर्कशर पुडिंगचं पीठ भिजवल्या भिजवल्या भट्टीत घालावं असं सांगितलं. एनिडला राहवलं नाही. तिनं फोन उचलला.

"मी मिसेस ब्राऊन बोलतेय," ती म्हणाली. ऑर्मडेलमध्ये एवढं कोरडं खोटं कुणी बोललं नसेल. "आत्ता ज्या गृहस्थांनी सांगितलं ना, त्यांना म्हणावं, पीठ तासभर तरी मुरू द्यायचं. त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं नाही वाटतं."

पुढच्या गुरुवारी क्लिफर्ड हजर. "त्या मिसेस ब्राऊनना सांगा, माझ्या आईचं पुडिंग अख्ख्या दरीत नावाजलेलं होतं. आणि मिसेस ब्राऊनचं माझ्या आठवणीत बुटाच्या तळव्यासारखं असायचं."

"तुम्ही ओळखता का मिसेस ब्राऊनना?" ग्लेनिसनं विचारलं. तिच्या आवाजात हसू होतं. तिला सगळं कळत होतं. सगळ्या गावाला कळत होतं.

"छे," क्लिफर्ड म्हणाला. "अशी माणसं मी ओळखत नाही."

एनिड ओट्याला धरून हसली. विल्फ गेल्यावर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. असं त्यांचं चालायचं. वाकड्या वाटेनं का होईना, बोलणं होतं. त्या दोघांमध्ये एकच धागा होता आणि तो माझ्यातून जात होता. मला त्याचा अभिमान होता, आता लपवून काय उपयोग.

आणि मग ती बातमी आली. स्टेशनचे मालक दूरच्या शहरात. ऑर्मडेल कुठल्या बाजूला आहे हे त्यांना नकाशाशिवाय सांगता येणार नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे. त्यांच्या मनात आलं, अशी लहानसहान स्टेशनं चालवणं परवडत नाही, सगळ्या उत्तरेला मिळून एकच कार्यक्रम पुरे. ग्लेनिसनं बातमी वाचली आणि पुढे म्हणाली, "अजून पक्कं झालेलं नाही. कुणाला काही सांगायचं असेल तर मालकांच्या या नंबरवर कळवा." नंबर तिनं दोनदा सावकाश वाचला. पुढचे कित्येक दिवस रोज वाचला.

आता या लोकांचा स्वभाव सांगतो. यांच्या पायावर तुम्ही पाय दिलात तर हेच तुम्हाला "माफ करा" म्हणतात. हॉटेलात सूप गार आलं तर टेबलावर कुरकुर करतील, घरी जाताना कुरकुर करतील, आणि वेटरनं विचारलं, "सगळं ठीक ना?" की म्हणतील, "फारच छान." तक्रार यांच्या रक्तात आहे, फक्त जिथे करायची तिथे करत नाहीत.

ब्रेंडा चहाला आली. "भयंकर आहे हे, एनिड. लाज नाही या लोकांना. कुणीतरी बोलायला पाहिजे."

"बोलायलाच पाहिजे," एनिड म्हणाली. "तू केलास फोन?"

"मी? नको बाई. त्यांना कामं असतील. आणि एवढे सगळे करतच असतील की. तू केलास?"

"मी कशाला? उगाच आपला तमाशा नको."

मी ओट्यावर बसून हे ऐकत होतो. मी खरखरलो, शिट्टी मारली, ग्लेनिसचा आवाज नंबर सांगतानाच मोठा केला. एनिडनं काय करावं? माझ्या डोक्यावर टपली मारून आवाज कमी केला. खाटीक ब्रेंडाजवळ चिडला, ब्रेंडा बसवाल्याजवळ चिडली, बसवाला सगळ्या बसजवळ चिडला. मालकांना फोन कुणीच केला नाही. क्लिफर्डसुद्धा, इतका भांडकुदळ माणूस, पण त्याचंही गाडं कबुतरांपुढे गेलं नाही. अरे, आज तरी कबुतरं ठेव बाजूला!

कबुतरं त्यानं बाजूला ठेवली ती शेवटून दुसऱ्या गुरुवारी. कुणीतरी दफनाच्या खाण्यावरून विषय काढला होता.

"मला एक सांगायचंय," क्लिफर्ड म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "आमच्या आईला हॅम आवडायचा नाही. शेवटी शेवटी तिला चावायचाही नाही. तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं, माझ्या वेळी पेस्टची सँडविचं ठेव, मला आवडतात ती. मी ठेवली. लोकांनी मला नावं ठेवली. आपल्या माणसांनीसुद्धा. का ठेवली हे मला आजवर कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. एवढंच."

"आज का सांगताय, क्लिफर्ड?" ग्लेनिसनं हळूच विचारलं.

"आता तुमचा कार्यक्रम बंद होतोय. मग सांगणार कुठे?"

एनिड खुर्चीवर बसली. किटली शिट्टी घालत राहिली तरी उठली नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हो, पेस्ट आवडायची तिला. चोरून खायची. मी कशी विसरले?"

मला वाटलं, आता फोन करेल त्याला. तिनं रिसीव्हर उचलला आणि परत ठेवला. एकदम त्याच्या कानात काय बोलायचं हे तिला सुचेना. या लोकांना मनातलं बोलायचं तर नजर दुसरीकडे लागते. ग्लेनिसला सांगितलं असतं तर ते आपोआप त्याला पोचलं असतं. "पुढच्या गुरुवारी," ती म्हणाली. "मिसेस ब्राऊन नाही. माझं नाव सांगून बोलेन."

पुढचा गुरुवार शेवटचा होता. आणि त्या दिवशी, ज्यांनी मालकांना एक फोन केला नव्हता ती सगळी दरी ग्लेनिसला फोन करायला बसली. निरोप द्यायला. तुझ्याशिवाय सकाळ कशी जाईल म्हणायला. फरशांच्या दुकानासमोर रांग लागली. लोक केक घेऊन आले, जॅमच्या बरण्या घेऊन आले, कुणी तिच्यासाठी स्वेटर विणून आणला. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.

ग्लेनिसनं सगळ्यांचे आभार मानले. "एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्हाला एवढं वाटत होतं तर बोलला का नाहीत? मालकांना बोटांवर मोजण्याइतके फोन गेले. ते मला म्हणाले, तुमचं तर कुणी ऐकतच नाही."

त्यावर माझ्यातून जी शांतता गेली तशी व्हायोलिनवाल्या स्टेशनवरही मी कधी ऐकली नव्हती.

एनिड सकाळपासून नंबर फिरवत होती. लाइन व्यस्त. पुन्हा फिरवला, व्यस्त. केकवाल्यांनी रस्ता अडवून ठेवला होता. कार्यक्रम संपला, शेवटचं गाणं लागलं, एनिड रिसीव्हर धरून उभीच होती. क्लिफर्डचाही फोन लागला नसावा. निदान त्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याच लाल ठिपक्यावर एक पोरगा बोलायला लागला. नाव जेसन. आवाज गोड, सदा आनंदी, दोन वाक्यं आणि एक गाणं. "काय सुंदर ऊन पडलंय आपल्या उत्तरेत," तो म्हणाला तेव्हा आमच्या खिडकीवर पाऊस आडवा मारत होता. मी या धंद्यात जन्म काढलाय, मला लगेच कळलं. तो तिथे नव्हताच. हे आजकाल आधीच बोलून ठेवतात आणि सकाळी यंत्र ते वाजवतं.

नाताळला एनिडचा मुलगा कीथ ब्रिस्टलहून आला आणि नवा डिजिटल रेडिओ घेऊन आला. "आई, यात शेकडो स्टेशनं आहेत." होती खरी. ऐंशीच्या दशकाच्या गाण्यांचं एक, नव्वदच्या दशकाचं वेगळं, नुसत्या शांत गाण्यांचं एक. क्रिकेटही आता त्याच्यातच. आजारी माणसांसाठी, शेतकऱ्यांसाठी, गाडी चालवणाऱ्यांसाठी, सगळ्यांसाठी काही ना काही. एक ना धड, भाराभर चिंध्या. एनिड शहाण्यासारखी बसली आणि एकेक लावून बघत गेली. कीथ परत गेल्यावर तिनं तो बंद केला.

"एवढी माणसं बोलतात," ती ब्रेंडाला म्हणाली, "आणि आमचा क्लिफर्ड जिवंत आहे की नाही, ते एकालाही माहीत नाही."

ब्रेंडाकडे गाडी आहे. दरीच्या पलीकडे जायला कितीसा वेळ लागतो. चल, मी नेते तुला, एवढं म्हणायचं होतं. ब्रेंडाच्या ओठांवर ते आलेलं मी पाहिलं. पण तिला वाटलं, आपण नाक खुपसतोय असं दिसेल. आणि नेशील का म्हणून एनिडनं विचारायचं, तर तिला वाटलं, कशाला त्रास द्यायचा. दोघींनी चहा संपवला आणि हवेबद्दल बोलल्या. मी काय करावं सांगा. मला पाय असते तर मी उडी मारली असती.

हा हिवाळा कडक आहे. क्लिफर्डच्या धुराड्यातून मंगळवारी धूर दिसला नाही. बुधवारी दिसला, पण धुकं होतं, शेजारच्या घराचाही असेल. चौदा नंबरची बस आता दरीपलीकडे जातच नाही.

आज गुरुवार आहे. जेसन सकाळी उत्साहानं म्हणाला, "तुमचे निरोप आम्हाला सांगा, आम्ही सगळ्या उत्तरेला ऐकवू," आणि त्यानं एक नंबर दिला. एनिडनं हात पुसले, ॲप्रन सारखा केला, केसांवरून हात फिरवला. माझा आवाज थोडा कमी केला आणि नंबर फिरवला. पलीकडे कुणी माणूस नव्हता. यंत्रानं सांगितलं, शिट्टीनंतर बोला.

"मी एनिड ॲक्रॉइड, ऑर्मडेलहून," ती म्हणाली. शाळेत उभी राहून कविता म्हणावी तशी. "आमच्या क्लिफर्डसाठी निरोप आहे. तो ऐकतो तुमचं. म्हणजे, या वेळेला तो ऐकत असतो. त्याला सांगा, आईला पेस्ट आवडायची, तुझं बरोबर होतं. मी विचारायला हवं होतं. त्याला म्हणावं, घरी ये. रविवारी ये, किंवा कधीही ये. आणि बस नाही, तेव्हा टॅक्सीनं ये, चालत येऊ नकोस, तुझी छाती भरते. एवढंच. तुम्हाला त्रास दिला, माफ करा. थँक यू."

तिनं फोन ठेवला. तिच्या आयुष्यातला हा पहिला तमाशा, आणि तो एका रिकाम्या खोलीतल्या यंत्रापुढे झाला. जेसनचं आजचं बोलणं काल किंवा परवाच बोलून झालंय. त्या यंत्रातलं कधी कुणी ऐकेल की नाही, मला ठाऊक नाही. एनिडचा निरोप शब्दन् शब्द माझ्याजवळ आहे. मी तो मोठ्यानं, दरीच्या पलीकडे ऐकू जाईल असा सांगितला असता. पण मला वरून जे येतं तेच बाहेर सोडता येतं, आणि वरून जेसन येतोय.

एनिडनं माझा आवाज वाढवलाय, खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतलीय. ब्रेंडा मागच्या दारातून आत आली, काहीतरी बोलायला लागली, तर एनिडनं हात वर करून तिला गप्प केलं.

"थांब गं जरा," ती म्हणाली. "हे गाणं संपलं की सांगतील."